हलकाऱ्याची ओळखपरेड

"आधी बोला, राजेहो." समोर कोणीही आलं की आमचा हलकारा मान तिरकी करून असं म्हणायचा. तुम्ही तोंड उघडलंत की लगेच नावानं हाक मारी. आम्हाला वाटायचं, माणूस मोठा गमत्या आहे.

मलकापूर स्टेशनावर उतरलेली टपालाची थैली खांद्यावर टाकून तो राजूरचा घाट चढून बुलढाण्याला येई. मी तेव्हा कचेरीत कागदांच्या नकला उतरवणारा नकलनवीस होतो. थैली पोचवली की तो माझ्या ओसरीवर पाणी प्यायला टेके.

एकदा भर दुपारी घाटात त्याला लुटलं. लुटारूनं त्याला आडवं पाडलं, छातीवर बसून गळ्याला सुरी लावली आणि तोंडातून शब्दही न काढता थैली घेऊन गेला. काही दिवसांनी पोलिसांनी एक माणूस धरला. ओळखपरेड ठरली.

आदल्या संध्याकाळी हलकारा माझ्याकडे आला. पाण्याचा गडवा हातात घेतला, पण ओठाला लावला नाही.

"बाबूजी, मले चेहरा ध्यानातच राहत नाही," तो म्हणाला. "लहानपणापासून. मान वळवली का गेला. बायकोलेही बांगड्यांच्या आवाजावरून ओळखतो. कोनाले सांगितलं नाही. लोक हासतीन."

"मग उद्या परेड घेणाऱ्या साहेबांना तसंच सांग."

"तो छातीवर बसला होता, बाबूजी. इतक्या जवळ. कोन मानन? म्हनतीन, यानंच थैली देल्ली. आन् भलत्यावर हात ठेवला तं त्याचे लेकरं उघडे पडतीन."

दुसऱ्या दिवशी रांगेसाठी माणूस कमी पडला, म्हणून पोलीस जमादारानं मलाच कचेरीतून ओढून नेलं. आमच्या टोप्या काढायला लावल्या. कोणी बोलायचं नाही, अशी ताकीद होती.

तो एकेकासमोरून सरकत आला आणि माझ्यासमोर थांबला. इतकी वर्षं माझ्या घरचं पाणी प्यालेला माणूस माझ्याकडे पाहत होता, आणि त्याच्या डोळ्यांत ओळख नव्हती. नुसती भीती होती.

"ठेव हात," मागून जमादार गुरकावला.

त्याचा हात माझ्या खांद्यापर्यंत आला. तसाच अधांतरी राहिला. मग त्यानं तो मागे घेतला आणि साहेबांकडे वळला.

"मले कोनीच ओळखू येत नाही."

जमादार त्याच्या अंगावर धावून गेला. मला राहवलं नाही. "साहेब, हा खरं बोलतो आहे. हा नेहमी माझ्या घरी येतो, तरी त्यानं मलाही ओळखलं नाही."

माझा आवाज ऐकून तो पांढराफटक पडला. "बाबूजी, तुमी होते?" म्हणत तिथंच खाली बसला.

साहेबांना पटलं. त्याची नोकरी वाचली, धरलेला माणूस सुटला. पण हलकारा पुन्हा घाटात जाईना.

"धरलेला कोन होता, देव जाने," तो मला म्हणाला. "पन ज्यानं लुटलं तो आहेच ना कुठंतरी. तो मले ओळखते, मी त्याले नाही. रोज राम राम करत असन मले."

शेवटी नोकरी सोडून तो वडनेर भोलजीला बहिणीकडे निघाला. पुन्हा कधी बुलढाण्याला आला नाही. मी त्याला मोटारीपर्यंत पोचवायला गेलो होतो. तो आत बसला, तेवढ्यात एक शेतकरी खिडकीशी येऊन हसला, न बोलता हात जोडून पुढे गेला. हलकाऱ्यानंही हात जोडले. मोटार सुटली तरी ते जोडलेलेच होते, आणि त्याची नजर गर्दीतल्या एकेका तोंडावरून फिरत होती.