थोरल्या कन्व्हर्टरमधला दोरा

तळ्यातल्या खांबावर बसणारा राखी बगळा शेवटी काचवाल्याच्या मांडीवर मेला. हे आधीच सांगितलेलं बरं, उगाच कुणी आशा धरून बसायला नको. ऐकण्यासारखं आहे ते त्याच्या आधीचं, आणि ते सावकाशच ऐकावं लागेल.

काचवाला हे काही त्याचं खरं नाव नव्हे. कॅमेऱ्याच्या लेन्स उघडायच्या, पुसायच्या, पुन्हा जुळवायच्या, हा धंदा तो कुणाच्या हाताखाली न बसता शिकला, आणि गिऱ्हाइकांच्या तोंडी तेच नाव बसलं. एका खोलीत दोन धंदे चालत. दारापाशी बायकोचं शिवणयंत्र, मागच्या खिडकीपाशी त्याचं टेबल. तिच्या कापडाची तुसं उडून त्याच्या काचांवर बसत आणि त्यावरून रोज भांडण होई. भांडल्याशिवाय दोघांनाही जेवण गोड लागत नसे.

खिडकीखाली शहराच्या सांडपाण्याचं मोठं तळं होतं. पलीकडच्या काठाजवळ, चिखलात रुतलेला एक गंजका लोखंडी खांब. खांबावर बगळा. वर्षानुवर्षं तोच, तिथंच, मान खांद्यात ओढून, जगाशी आपलं काही देणंघेणं नाही अशा ऐटीत. हातात आलेली प्रत्येक लेन्स काचवाला त्या बगळ्यावर तपासायचा. ट्रायपॉडचे पाय फरशीवर कोरलेल्या खुणांवर ठेवायचे, बगळा बरोबर मधोमध घ्यायचा आणि बटण दाबायचं. डोळ्याभोवतीचं पिवळं कडं, छातीवरून लोंबणारी बारीक पिसं, चोचीच्या मुळाशी असलेली जुनी चीर. एवढं नीट दिसलं की लेन्स पास. पूर्वी तो आधी पांढऱ्या भिंतीचा एक फोटो घ्यायचा, कारण काचेतली खोट भिंतीवर लपत नाही. पुढे तेही सुटलं. "बगळा असताना भिंत कशाला?" असं ऐटीत म्हणायचा.

मास्तर आले ते लेन्सचा जडशीळ डबा छातीशी धरून. शाळेतून निवृत्त झाल्यावर त्यांना जंगलातली जनावरं टिपायचा नाद लागला होता. लांबच्या पल्ल्याची झूम लेन्स होती, आणि सोबत दोन टेलिकन्व्हर्टर. टेलिकन्व्हर्टर म्हणजे लेन्स आणि कॅमेरा यांच्यामध्ये बसवायची काचेची नळकांडी. ती लांबचं आणखी जवळ ओढते, पण बदल्यात थोडा उजेड खाते आणि थोडी चित्राची धार खाते. फुकट कोण काय देतं? लहान नळकांड्याला काचवाला धाकटा म्हणे. दुप्पट जवळ ओढणारा तो थोरला.

"जंगलात जायचंय," मास्तर म्हणाले. "जनावर काही आपल्यासाठी पुढं येऊन उभं राहत नाही. हे दोन्ही लावून लेन्स चालते का, तेवढं सांगा."

"बसा. बगळ्याला विचारतो."

"सवतीची तब्येत कशी आहे आज?" बायकोनं यंत्रावरून विचारलं. बगळा नर की मादी कुणाला ठाऊक, पण नवरा दिवसभर तिकडेच डोळे लावून बसतो म्हटल्यावर ती सवतच.

"तुझ्यापेक्षा बरी. तोंड उघडत नाही."

मास्तर हसले. बायकोही हसली.

नुसत्या लेन्सचा फोटो स्वच्छ आला. धाकटा लावला तेव्हा चोचीवर पुसट रेघ दिसली. थोरला लावला आणि रेघ ठळक झाली, केसासारखी बारीक, चोचीवरून आडवी जाऊन मानेकडे उतरलेली. पिसंही नेहमीसारखी धारदार नव्हती. विस्कटल्यासारखी, मऊ दिसत होती.

"दोरा कुठला हा?" बायको त्याच्या खांद्यावरून डोकावली.

"तुझ्याच कापडाचा असणार. नाहीतर बुरशी. बघ ना, लेन्स स्वच्छ. धाकटा लावला की दिसतो, थोरला लावला की जास्त दिसतो. म्हणजे खोट कन्व्हर्टरमध्ये. धारही गेलीय."

"काचेतलं तुम्हाला कळतं," ती म्हणाली आणि यंत्रावर जाऊन बसली.

हिशेब सरळ होता, आणि साफ चुकीचा होता. थोरला कन्व्हर्टर त्याचं काम चोख करत होता. लांबून जे दिसत नव्हतं ते तो जवळ आणून दाखवत होता. खोट काचेत नव्हती. मासे धरायच्या गळाची तंगूस, म्हणजे नायलॉनचा बारीक दोरा, बगळ्याच्या चोचीभोवती आवळली होती. तोंड उघडत नसलेलं ते पाखरू उपाशी, खांबावर बसून होतं, आणि ते बघणारा जगात एकच माणूस होता. त्या माणसानं कन्व्हर्टर उघडायला घेतला.

त्यानं दोन्ही नळकांडी सुटी केली, काच न काच पुसली, पुन्हा जुळवली. बगळा खांबावरच होता, मान खांद्यात ओढलेली. रेघही जागच्या जागी होती. त्यानं पुन्हा उघडलं. बायको म्हणाली, "राहू द्या आता, जेवून घ्या." तो जेवला नाही. असे दिवस गेले. दर फोटोत पिसं अधिकच मऊ येत गेली आणि दर फोटोमागे त्याची खात्री अधिकच पक्की होत गेली. शेवटी त्यानं मास्तरांना बोलावून घेतलं.

"बुरशीनं काच खाल्लीय. ओलीत ठेवलेत तुम्ही."

"अहो, कोरड्या डब्यात ठेवतो मी. स्वतःच्या चष्म्याला इतका जपत नाही."

"मग मी खोटं बोलतो? या खिडकीत माझे केस पिकले, मास्तर."

मास्तरांनी दोन्ही कन्व्हर्टर टेबलावरच सरकवले. "फेकायचे तर तुम्हीच फेका. तुमच्या शब्दाबाहेर मी नाही. जंगल यंदा राहिलं." लेन्सचा डबा उचलून ते जिना उतरले. भांडले असते तर बरं झालं असतं.

पुढच्याच आठवड्यात एका दुकानानं नवी कोरी लेन्स आणि नवा कन्व्हर्टर तपासायला पाठवला. सील काचवाल्यानं स्वतःच्या हातानं फोडलं. पाय खुणांवर, बगळा मधोमध, बटण.

तोच दोरा.

त्याचा हात कॅमेऱ्यावर तसाच राहिला. मग त्यानं हाक मारली, "अगं, इकडे ये जरा."

तिनं चष्मा चढवला. या वेळी ती काचवाल्याची बायको म्हणून बघत नव्हती, शिवणकाम करणारी म्हणून बघत होती. तिनं पडद्यावर चोचीच्या खाली नख टेकवलं. "बुरशीला गाठ पडते का हो?"

गाठ होती. गच्च, ओढून बसलेली. त्यानं मागचे सगळे फोटो काढले. धार गेली होती ती काचेची नव्हे, पाखराची. पिसं विस्कटत गेली होती, छातीचं हाड वर येत गेलं होतं. एकाही फोटोत चोच उघडी नव्हती.

बायकोनं दोरे कापायची लहान कात्री उचलली, एक मऊ कापड घेतलं आणि त्याच्या आधी जिना उतरली.

तळ्यावरचा पंपवाला शेवाळ काढायच्या तराफ्यावरून त्यांना घेऊन निघाला. बांबू रेटत म्हणाला, "हल्ली उडत नाही तो. म्हटलं, म्हातारा झाला असेल."

"मग मला सांगायचं नाही?"

"तुम्हाला? तुम्ही दिवसभर एवढी मोठी काच लावून बसता. तुम्हाला मी काय सांगणार, काचवाले?"

आयुष्यभर ज्याचं पीस न पीस पाठ होतं, त्याच्याजवळ तो पहिल्यांदाच जात होता. बगळ्यानं पंख उघडले, झेप घेतली आणि चिखलात कलंडला. पंपवाल्यानं त्याला उचलून दिलं. खिडकीतून केवढा थोरला वाटायचा! मांडीवर घेतला तर शिवायला आणलेल्या रिकाम्या पिशवीएवढा. बायकोनं चोच धरली, काचवाल्यानं कात्रीचं टोक तंगुशीखाली घातलं. हात लेन्स उघडताना असतो तसाच स्थिर होता. तंगूस तुटली. चोच थोडी उघडली. बायकोनं बाटलीतलं पाणी बोटानं आत सोडलं, ते बाजूनं ओघळून गेलं. मग खालची पापणी हळूहळू वर आली आणि ते पिवळं कडं झाकलं. तराफा अजून काठाला लागायचा होता.

"सवत गेली," बायको म्हणाली. चेष्टेचा शब्द होता, पण दुसरा तिच्याजवळ नव्हता. तिनं कापड त्याच्यावर ओढलं.

दुसऱ्या दिवशी काचवाला मास्तरांच्या दारात उभा राहिला. सगळं सांगितलं, काही गाळलं नाही. मास्तरांनी फोटो मागितले आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत बघितले.

"फोटो चांगले आहेत," ते म्हणाले. काचवाल्याला ती शिवी वाटली. शिवी नव्हती, आणि म्हणूनच जास्त लागली.

"लेन्स घेऊन या, मास्तर. नीट तपासून देतो."

मास्तर आले. बायकोनं न सांगता भिंतीवर पांढरं कापड ताणून लावलं होतं. त्यावर थोरला तपासला. डाग नाही, दोरा नाही. मग काचवाल्यानं सवयीनं ट्रायपॉड खिडकीकडे फिरवला, पाय खुणांवर ठेवले आणि खांब मधोमध घेतला. थांबला. मग बटण दाबलं.

फोटोत गंजाचे पापुद्रे दिसत होते. विष्ठेचे पांढरे ओघळ दिसत होते. खांबाच्या तुटक्या टोकाला तंगुशीचा एक तुकडा अडकून राहिला होता, वाऱ्यावर हलणारा, तोही दिसत होता.

मागे शिवणयंत्र थांबलं होतं.

"लेन्स चांगली आहे," काचवाला म्हणाला. "कन्व्हर्टरही चांगले आहेत. दोन्ही."