घरचा कुपा तोलत नाहीत

माझा मामा मनोरीचा. त्याची लहान होडी आहे आणि तो गळाने कुपा धरतो, एकेक करून. कुपा म्हणजे तोच, ज्याला हॉटेलवाले टूना म्हणतात. त्या माशाच्या वाटणीवरून माझ्या डोक्यात जी तिडीक गेली ती अजून उतरलेली नाही, आणि त्या घोळात माझाही हात आहे म्हणून ती जास्तच आहे.

होडी किनाऱ्याला लागली की आधी खलाशांचे वाटे निघतात, मग घरचा आणि शेजारपाजारचा मासा. उरलेला काट्यावर चढतो. बाजूला काढलेला मासा तोलायचा नाही, तोलला की बरकत जाते, असं मामी म्हणते. मी मुलुंडला राहते, ऑफिसात कागद रंगवते, म्हणून मामाच्या आणि तिथल्या बऱ्याच होड्यांच्या मासळीचे सरकारी तक्ते भरायचं काम माझ्याकडे आलं. "या महिन्यात कुपा किती?" असं मी फोनवर विचारायचे. ते काट्यावरचा आकडा सांगायचे, मी तोच लिहायचे. घरचा मासाही मासेमारीत धरायचा असतो, हे त्यांच्या मनात आलं नाही आणि शिकूनसवरून माझ्याही नाही.

गेल्या वर्षी अंधेरीच्या एका हॉटेलात महासागराकाठच्या देशांची कुप्याच्या मासेमारीवर बैठक झाली. लहान मच्छीमारांच्या वतीने मामाला बोलावलं होतं आणि दुभाषी म्हणून मी. बैठकीचा हेतू चांगला होता, हे मी आजही म्हणेन. कुपा आज आपल्या पाण्यात, उद्या दुसऱ्याच्या. एकट्या देशाने राखायचा म्हटला तर तो राखला जाणार नाही. सगळ्यांनी मिळून बेताने धरावा, हे मामालाही पटलं. त्याचा बापही पिल्लं सोडून द्यायचा.

पण कुणी किती धरायचा हे कशावरून ठरणार, तर मागच्या नोंदींवरून. ज्याने आजवर भरमसाट धरला, त्याला पुढेही मोठा वाटा. अवाढव्य जाळी टाकून ज्यांनी समुद्र उपसला त्यांचे कागद चोख होते आणि तेच आम्हाला संयमाचे धडे देत होते. ज्याच्या हाती ससा तो पारधी. मला उठून चार शब्द सुनवावेसे वाटले, पण दुभाष्याने स्वतःचं मत सांगायचं नसतं.

मग आपल्याच एका अधिकाऱ्याने आमच्या किनाऱ्याचा तक्ता पडद्यावर दाखवला. लहान होड्यांची कुप्याची मासेमारी नाममात्र आहे, तेव्हा त्यांच्यासाठी वेगळा वाटा मागायला आधार नाही, असं तो म्हणाला. वाटा नाही म्हणजे उद्या मामाने कुप्यासाठी गळ टाकला तर तो गुन्हा. तक्त्यातले आकडे मी भरलेले होते.

"काय बोलला गो?" मामाने विचारलं. मी सांगितलं. तो म्हणाला, "नाममात्र? मंग इतकी वरसां आमी खाल्लं काय?" मी ते जसंच्या तसं इंग्रजीत सांगितलं. लोक हसले. त्यांना वाटलं, म्हातारा गंमत करतोय. पाठोपाठ चहाची सुट्टी झाली.

बाहेर आल्यावर मी मामाला म्हटलं, चूक माझी आहे. "तुजी नाय," तो म्हणाला. "घरचं म्हावरं कोन मोजतं? आता मोजलं तर चालंल का?"

"मागचं नाही चालणार. यापुढचं चालेल."

पुढच्या रविवारी मी वही घेऊन मनोरीला गेले. मामाने त्या दिवशी सगळा मासा काट्यावर चढवला, खलाशांचा आणि घरचासुद्धा. मामी आत निघून गेली. तेवढ्यात शेजारची म्हातारी नेहमीसारखी टोप घेऊन आली. तिचा नवरा मामाच्या बापाबरोबर समुद्रात गेला होता आणि परत आला नाही. तेव्हापासून या होडीतला एक मासा तिच्या घरी जातो. मामाने तिच्यासाठी एक लहान कुपा उचलला, काट्यावर ठेवला आणि मला वजन सांगितलं. मी लिहून घेतलं.

म्हातारीने काट्याकडे पाहिलं, मग मामाकडे.

"मला आता तोलून देतस?" ती म्हणाली, आणि रिकामा टोप घेऊन घरी गेली.