वाळत घालायची तार

शेजारच्या काकू ओली चादर सोफ्याच्या पाठीवर पसरत होत्या. ते पाहिलं आणि मला माझंच चित्र आठवलं.

आमची ही इमारत बांधण्याआधी तिचं चित्र मीच संगणकावर केलं होतं. प्रत्येक गॅलरीत कपड्यांची तार होती. काकूंनी घर नोंदवतानाच ती हट्टाने मागून घेतली होती. पण चित्रात तार सलग येईना, नुसते तुटक ठिपके. अशी बारीक रेष नीट हवी असेल तर बारकाव्याचं सेटिंग वाढवावं लागतं. मग संगणक एकेक ठिपका पुन्हा पुन्हा निरखतो आणि तासन् तास घेतो. बिल्डरला घाई होती. "तारा काढूनच टाक की," तो म्हणाला, "चित्र स्वच्छ दिसेल." मी काढल्या. गॅलऱ्यांच्या कडा काय सुरेख आल्या! सगळ्यांनी चित्र मंजूर केलं.

माणसांच्या बारीकसारीक गरजा दिसायलाही कोणालातरी पुन्हा पुन्हा बघावं लागतं. तेवढी सवड मलाही नव्हती, आणि मी तर इथेच राहणारा.

"मेल्या बिल्डरनं तारा खाल्ल्या आमच्या," काकू अजून करवादतात. मी मान डोलावतो. त्या मेल्याने तर सगळं चित्राबरहुकूम बांधलंय.