दोन इंची घर

मत्स्यालयात तिला सगळे वामवाली म्हणत. बावीस वर्षं ती एकाच टाकीतल्या एकाच वामेला भरवत आली होती. साप वाटावा असा लांबलचक मासा, तोंडाची सतत उघडमीट. ही रागावून बडबडतेय, असं पोरांना वाटायचं. वामवाली समजवायची, "रागावत नाही रे, श्वास घेते. वय झालंय आजीबाईंचं." तेव्हापासून वामेला आजीबाई हे नाव चिकटलं ते चिकटलंच.

त्या आजीबाईंनी एकेचाळीस दिवस अन्नाला तोंड लावलं नव्हतं.

माकूळ झालं, कोळंबी झाली. वामवाली लांब चिमट्यात तुकडा धरून अगदी तोंडापाशी न्यायची, की आजीबाई मान फिरवून मोकळ्या. पाण्याचा खारटपणा, तापमान, गाळणी, सगळं तिनं तीनतीनदा तपासलं. कशातच खोट सापडेना. शेवटी डॉक्टर म्हणाले, "ताई, शुक्रवारपर्यंत बघू. नाहीतर गुंगी देऊन पोटात नळी घालावी लागेल."

"या वयात झेपेल तिला?"

डॉक्टरांनी चष्मा पुसायला घेतला. उत्तर अवघड असलं की ते चष्माच पुसत.

बुधवारी संध्याकाळी ती ताटातलं नुसतं चिवडत बसली. सासरे समोरच होते. उभा जन्म लोकांच्या घरी पाइप बसवण्यात गेलेला माणूस.

"तिकडे ती उपाशी, इकडे तू. मी एकट्यानं जेवू का?" ते म्हणाले. "तिच्या घरात काही बदललंय का, सूनबाई?"

"वाईट असं काही नाही, बाबा. उलट नवं घर दिलंय. आधीची लपायची नळी दोन इंची होती, शेवाळलेली. बिचारी अंग चोरून घुसायची. मीच साहेबांच्या मागे लागून चार इंची मागवली. ऐसपैस."

"आणि ती केवढी जाड?"

तिनं मनगट पुढे केलं.

सासऱ्यांचा घास हातातच राहिला. "अगं, मग तिला चारी बाजूंनी उघडं वाटत असणार! मी एवढ्या मोठ्या पलंगावर भिंतीला चिकटून का झोपतो? तुझी सासू गेल्यापासून एक बाजू उघडी पडते. उघड्यावर डोळा लागत नाही, तिथं भूक कुठली?"

वामवालीनं बोटांवर दिवस मोजले. नवी नळी बसवून त्रेचाळीस दिवस झाले होते. नोंदवहीत पाण्याचा थेंबन् थेंब होता, नळीचा मात्र उल्लेख नव्हता. लाड केल्याची नोंद कोण ठेवतं?

सासऱ्यांनी जेवण उरकून पलंगाखालून कोऱ्या दोन इंची पाइपचा तुकडा ओढून काढला. हातभर कापला, मग बराच वेळ कानस घेऊन कडा घासत बसले. "म्हातारं अंग आहे, बोचायला नको."

गुरुवारी सकाळी तिनं ती नळी धुऊन टाकीत ठेवली. आजीबाईंनी दिवसभर तिच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. घरी आल्यावर सासऱ्यांनी विचारलं, तेव्हा ती म्हणाली, "नाही शिरली, बाबा."

शुक्रवारी ती पोचली तेव्हा डॉक्टरांची पेटी टाकीपाशी उघडी होती. चार इंची नळी रिकामी. मग खाली लक्ष गेलं, तर छोट्या नळीतून डोकावणारं एक तोंड, आणि त्याची उघडमीट.

"डॉक्टर, पाच मिनिटं थांबा."

तिनं चिमट्यात माकूळ धरलं. पहिला तुकडा निसटून वाळूत पडला. दुसऱ्याला आजीबाईंनी असा हिसडा दिला की चिमटाही हातातून सुटला.

डॉक्टर चष्मा पुसायला लागले. "काय केलंत, ताई?"

"मीच बिघडवलं होतं, मीच निस्तरलं," ती म्हणाली, आणि भिजल्या हातानं नोंदवही उघडून पंचेचाळीस दिवसांपूर्वीच्या पानावर तिनं नळीची नोंद केली.

त्या संध्याकाळी तिनं सासऱ्यांच्या पलंगाच्या उघड्या बाजूला एक जाडजूड लोड लावून दिला.

"हे काय? मी काय वाम आहे?"

"छे. वाम नुसती बडबडल्यासारखी दिसते, बाबा."

सासरे पुटपुटत आडवे झाले. त्यांनी लोड थोडा आणखी जवळ ओढून घेतला.