बटणावरचं विमान

पडेगावच्या आमच्या घराला लागून पत्र्याचं शेड आहे. लोक अशा शेडमध्ये कार लावतात. आमचे हे तिथं विमान बांधत होते, दोन सीटचं, कारखान्यातून रिटायर झाल्यापासून. उडवायचं लायसन त्यांनी तरुणपणीच काढलेलं. भाजीवालासुद्धा "उडलं का?" म्हणून विचारायचा आणि माझं डोकं फिरायचं.

विमान होत आलं आणि हे स्कूटरवरून पडले. उजव्या खांद्याचं ऑपरेशन झालं. नंतर चहाचा कप उचलतानाही हात थरथरायचा, आणि विमान चालवायचा दांडा तर सारखा ओढून धरावा लागतो. तो भार कमी करायला शेपटीच्या हलत्या पंखाच्या कडेला एक अरुंद पट्टी असते, तिला ट्रिम म्हणतात. पण ती फिरवायची मूठही जड, आणि तीही उजव्याच हातानं फिरवायची.

"इकून टाकू," एक दिवस हे म्हणाले. हे ऐकलं की मी पेढे वाटीन असं मला वाटायचं. उलट रडूच आलं.

"विजेवरचं ट्रिम मिळतंय की. तुमच्याच मासिकात हाय."

"बटणं दाबून विमान चालवू व्हय मी?"

"मग मीबी मिक्सर सोडते, पाट्यावर वाटते. चालंल?"

छोटी मोटर आली, शेपटीत बसली. दांड्याच्या टोकाला दोन बटणं. मी मागे पट्टीजवळ उभी राहिले आणि ह्यांनी विमानाचं नाक वर करायचं बटण दाबलं.

"पट्टी खाली गेली हो! वर जायला पायजे ना?" मी ओरडले.

ह्यांनी लगेच वायरी उलट्या जोडल्या. आता त्याच बटणानं पट्टी वर जाऊ लागली. इतक्या वर्षांच्या संसारात माझं निमूट ऐकलं ते नेमकं तेव्हा.

दुपारी लई उकडायला लागलं म्हणून मी घरातला कूलर ओढत आणला आणि विमानाच्या पोटाशी लावला. वारा मागे शेपटीवर गेला. पट्टी वर होती, आणि सगळा हलता पंख हळूच खाली झुकला.

हे बघत राहिले. "पट्टी खाली तर पंख वर, पंख वर तर नाक वर. हे मला झोपंतबी ठावं हाय!"

"मग वायरी कशापायी बदलल्या?"

"तू वरडलीस म्हणून."

आम्ही पोट धरून हसलो. मग मी स्टुलावर बसले. ही चूक आकाशात कळली असती तर? वायरी पुन्हा पहिल्यासारख्या झाल्या आणि कूलरसमोर तपासल्याशिवाय मी ह्यांना जेवायला वाढलं नाही.

परवानग्या आल्या, दुसऱ्या वैमानिकानं चाचण्या घेतल्या, डॉक्टरही हो म्हणाले. मग हे बसले आणि शेजारी मी, डोळे गच्च मिटून.

"उघड की डोळे."

खाली मक्याची शेतं होती. विमान ट्रिमच्या जोरावर सरळ चाललं होतं आणि ह्यांचा उजवा हात मांडीवर ठेवलेला होता, अजिबात न थरथरता. मी तो धरला.

"उतरायची घाई करू नका," मी म्हणाले.