उलट्या पावली येणारं कुत्रं

कालव्याचा पूल मागे पडला, केळीच्या बागा संपल्या, सातपुड्याच्या पायथ्याचा खडकाळ चढ लागला, तरी चुडामण नाना खांद्यावरचा पाइप सोडायला तयार नव्हते.

"द्या ना इकडे," कुंदाबाई म्हणाली. "माझ्या हातात एक डबाच तर आहे."

नानांनी नुसती मान हलवली. ऑपरेशन झाल्यापासून ते मोजकंच बोलत. गळ्यातली गाठ धुळ्याच्या डॉक्टरांनी नीट काढली, जीव वाचला, पण आवाज काही परत आला नाही. उरली ती वाळलेल्या केळीच्या पानांवरून कुणी चालत जावं तशी खरखर. त्यांचं बोलणं ऐकायचं तर अगदी जवळून चालावं लागे, आणि जवळून चाललं की पाइपाचं टोक कपाळाला लागे. म्हणून कुंदाबाई कधी जवळ, कधी लांब, अशी चालत होती. खंडेरायाचे सहा दिवस उपासाचे गेले होते. पायात त्राण नव्हतं.

हे तेच नाना, ज्यांची हाक ऐकून पलीकडच्या शिवारातली माणसं भाकरी सोडायला बसत. गावात म्हणायचेच, चुडामणच्या घरी घड्याळ नाही, शेजाऱ्यांच्या घरी चुडामण आहे.

समोरून मगन मोटरसायकलवर चाऱ्याचा भारा घेऊन आला. पाइप बघून त्याने गाडी हळू केली.

"काय नाना, डोंगरावर ड्रिप टाकतात का?"

"खंडेरायाची बाग आहे वर," कुंदाबाईने परस्पर सांगितलं. "तू जा बाबा, भारा सुटतोय तुझा."

मगनने घाईने मागे वळून पाहिलं. भारा घट्ट होता. नानांचे खांदे हलले. हसताना आता ते असेच हसत, आवाजाशिवाय.

आज चंपाषष्ठी. कुंदाबाईच्या डब्यात वांग्याचं भरीत आणि बाजरीचे रोडगे होते. आधी देवाला, मग देवाच्या कुत्र्याला, मग आपल्याला, असा हा नैवेद्य. लग्नाआधी ती आईबरोबर डोंगरावरच्या खंडेरायाच्या ठाण्यावर येई. नवरा गेल्यावर माहेरच्या चार बिघ्यांवर परत आली, तेव्हापासून पुन्हा येऊ लागली. नानांचं शेत तिच्या बांधाला लागून. गावची लेक म्हणून ते तिला अगं-तुगं करत, आणि दर चंपाषष्ठीला दोघं सोबत चालत.

दरवर्षी मात्र पाइप नसे. पाइप असायचा तो नानांना ठाण्याजवळच्या पाड्यावर धनसिंगकडून नवं पिल्लू निवडायचं असेल तेव्हाच.

नानांच्या घराण्यात बिळात शिरणारी कुत्री पाळायची रीत होती. त्यांचे वडील साळिंदराच्या मागे जात. आता साळिंदराला हात लावला तर वनखातं उचलून नेतं, आणि नानांच्या मते नेलंच पाहिजे. पण घूस कुणाच्या कायद्यात नाही. बांधातल्या जुन्या भगदाडांत घुशींनी वस्ती केली की त्या केळीच्या बुडाखालची माती पोखरतात आणि ठिबकच्या नळ्या कुरतडतात. वरून बाग हिरवीगार दिसते, आणि वारा सुटला की घडासकट खोड आडवं. विषाच्या गोळ्या टाकून पाहिल्या, तर कुंदाबाईचं मांजर मेलं. तेव्हा उपाय एकच, बिळात जाणारं कुत्रं.

नानांचा मुलगा हितेंद्र याने मोबाइलवर एक लांबोडं, बुटक्या पायांचं कुत्रं शोधून ठेवलं होतं. जळगावला एक जण पिल्लं विकतो म्हणे.

"डॅशहंड," हितेंद्र परवा ओट्यावर बसून सांगत होता. "जर्मनीत बिळात शिरायलाच बनवलेली जात आहे, नाना. तिथे याच्यावर पुस्तकं आहेत."

"आपल्या बिळात जर्मन बोलणारं कोण शे?" नाना खरखरले होते.

"तुमच्या धनसिंगच्या पाड्यावर तरी कोणती जात मिळते? जातच नाही त्यांना."

"कामाची जात शे."

"मग आणा," हितेंद्र उठला. "पण आज-उद्या करत बसू नका. चंपाषष्ठीला मिळालं नाही, तर रविवारी मी जळगावहून घेऊन येतो. माझी बाग पडतेय इकडे."

त्याचंही खोटं नव्हतं. बाग पडत होती.

चढावर अंजनाचं एक झाड होतं. तिथे नाना टेकले. पाइप मांडीवर आडवा घेतला. चार इंची, अडीच हात लांब. वडिलांच्या वेळी मातीचा नळ होता, तो फुटल्यावर हा आला. कुंदाबाईने पाण्याची बाटली पुढे केली.

"हितेंद्रचं ते कुत्रं वाईट आहे का हो?"

"वाईट नाही." नाना घोट घेऊन थांबले. "कान लोंबते. आपल्या काळ्या मातीचे गोळे होतात कानाला. पोट जमिनीला लागतं, ठिबकच्या चिखलात कसं चालेल? पण ते सोड. करून घेता येईल."

"आणि ते उंच, कारवानी? रुपचंदकडे आहे ते."

"ते सशामागे पळायला. बिळाशी गेलं तर नाक खुपसून उभं राहतं, पाहुण्यासारखं."

मग नाना बोटांवर मोजत सांगू लागले, मधूनमधून दम खात. छाती दोन पंजांत मावावी. केस आखूड असावेत. आत गेल्यावर भुंकणारं हवं, म्हणजे वरून कळतं कुठे खोदायचं. मुकं कुत्रं बिळात म्हणजे विहिरीत पडलेला खडा. आणि सगळ्यात मोठी गोष्ट, हाक मारली की उलट्या पावली मागे यायला हवं. वळून नाही. तसंच, शेपटी आधी.

"बठ्ठं, सगळंच, त्याच्यातच शे," नाना पाइपावर हात ठेवून म्हणाले. "रोडगा टाकायचा आत. पिल्लू जातं. मग म्हणायचं, मांगे सर. जे मागे सरलं ते आपलं."

कुंदाबाईला हे ठाऊक होतं. ठेंगीला निवडलं तेव्हाही ती हजर होती. ठेंगी ही नानांची शेवटची कुत्री, काळी, पांढऱ्या पायांची. ऑपरेशननंतरच्या उन्हाळ्यात मोठ्या बांधाच्या बिळात शिरली आणि आत माती बसली. गावभर तेवढंच माहीत होतं, की माती बसली.

"ठेंगी छान मागे यायची," कुंदाबाई म्हणाली. "नशीब तिचं. मातीपुढे कुणाचं चालतं?"

नानांनी पाइपाच्या भोकातून पलीकडचा रस्ता पाहिला.

"माती नंतर बसली," ते म्हणाले.

कुंदाबाई जवळ सरकली, ऐकू यावं म्हणून.

"ती आत भुंकत होती. मला वरून मातीची भेग दिसली. मी म्हटलं, मांगे. तिला ऐकू गेलं नाही. पुन्हा म्हटलं. जीव काढून म्हटलं. मलाच ऐकू येईना तर तिला काय येणार? सहा वर्षं त्या एका हाकेवर आली ती. हाक नाही म्हणजे धनी अजून आत जा म्हणतो, असंच तिला वाटलं असेल. गेली पुढे."

"हितेंद्रला सांगितलं?"

"काय सांगू? तो जळगावला नळ्या आणायला गेला होता. आला तेव्हा मी खोदत होतो. त्याने फावडं हातातून घेतलं, म्हणाला, नाना, माती कच्चीच होती. मी म्हटलं, हो."

रस्त्यावरून एक बैल एकटाच खाली गेला. त्याच्या मागे कुणी नव्हतं.

"आज धनसिंगकडे एक जरी पिल्लू माझ्या हाकेला मागे आलं, तर घेईन," नाना उठत म्हणाले. गुडघ्यावर हात ठेवून, दोन खेपांत उठले. "नाही आलं तर हा पाइप तिथेच ठेवायचा. मग हितेंद्र काय आणायचं ते आणो. मी बिळाशी उभा राहणार नाही."

"आणि त्या जळगावच्या कुत्र्याला हाक कोण मारणार? हितेंद्र तर सारखा फोनवर."

नानांनी पाइप खांद्यावर घेतला आणि चालू लागले.

खंडेरायाचं ठाणं म्हणजे शेंदूर लावलेला एक दगड आणि वर पत्रा. कुंदाबाईने भंडारा वाहिला, डबा उघडून नैवेद्य दाखवला, डोळे मिटले. काय मागावं ते तिला कळेना. नानांचा आवाज मागावा तर डॉक्टरांनी जे व्हायचं ते सांगून टाकलेलं. म्हणून तिने काहीच मागितलं नाही, नुसते हात जोडून उभी राहिली. देवाला सगळं सांगावंच लागतं असं नाही.

पाडा तिथून जवळच. धनसिंग अंगणात मक्याची कणसं सोलत होता. त्याची तांबडी कुत्री चार पिल्लांना घेऊन कुडाच्या सावलीत पडली होती. कुंदाबाईने आधी तिला रोडगा घातला, भरीत लावून. तिने भरीत चाटलं आणि रोडगा पायाखाली धरून ठेवला.

"भरीत तिखट झालं का?" धनसिंगने विचारलं.

"कुत्र्याला विचार," कुंदाबाई म्हणाली.

नानांनी पाइप जमिनीवर ठेवला. दोन्ही बाजूंनी माती सारून घट्ट केला, पलीकडच्या तोंडाला दगड लावला. रोडग्याचा तुकडा लांब काडीने आत सरकवला. पहिलं पिल्लू पाइपाचा वास घेऊन त्यावर मुतलं आणि निघून गेलं. दुसरं गेलं, आत बसून खाऊ लागलं. नाना गुडघे टेकून तोंडाशी वाकले. "मांगे," ते म्हणाले. "मांगे सर." पाइपातून वारा जावा तसा तो आवाज गेला. पिल्लाने निवांत खाणं संपवलं आणि तिथेच झोपलं. धनसिंगने पाइप उचलून त्याला ओतून काढलं. तिसरं इतकं बारीक की आतच वळून तोंडाने बाहेर आलं. नानांनी मान हलवली. पाइपात वळता येतं, मातीत वळायला गेलं की वरची माती अंगावर.

चौथी मादी होती, तांबूस, एक कान उभा, एक पडलेला. नानांनी दोन्ही पंजांत तिची छाती धरून पाहिली आणि जरा जास्तच वेळ धरून ठेवली. ती आत गेली आणि आतून भुंकली. रोडग्यावर भुंकली. धनसिंग हसला. नानांच्या चेहऱ्यावर कुंदाबाईला कित्येक महिन्यांनी काही तरी जागं झालेलं दिसलं.

ते वाकले. "मांगे सर," म्हणाले. आत भुंकणं चालूच. पुन्हा म्हणाले. गळ्याच्या शिरा फुगल्या, डोळ्यांत पाणी आलं, आणि बाहेर आली ती नुसती हवा. पिल्लू पलीकडच्या दगडाला पंजे मारू लागलं. पुढे, अजून पुढे.

कुंदाबाई मध्ये बोलणार नव्हती. पण रोज पहाटे देवळात काकड्याला जो आवाज लागे, दावं तोडून गेलेल्या वासराला बोलवायला जो लागे, तोच तिच्या तोंडून निघून गेला.

"मांगे सर व माय!"

आतलं खरवडणं थांबलं. मग पाइपाच्या तोंडाशी शेपटी दिसली. मग मागचे दोन पाय, चाचपडत, एकेक. मग पोट, मग छाती, आणि शेवटी डोकं. तोंडात रोडगा तसाच.

"आलं की!" धनसिंग म्हणाला. "घ्या नाना, तुमचं कुत्रं."

नाना उठले. कपड्यांची माती झटकली.

"माझ्या हाकेला नाही आलं," ते म्हणाले.

"हाक कुणाची का असेना. मागे आलं ना?"

नानांनी धनसिंगच्या खांद्यावर हात ठेवला, तांबूस पिल्लाकडे एकदा पाहिलं आणि चालू लागले. पाइप अंगणातच राहिला. कुंदाबाईने घाईघाईने डब्याचं झाकण लावलं, उरलेले रोडगे धनसिंगच्या सुपात ठेवले आणि त्यांच्या मागे निघाली. बोलून चूक केली की काय, हे तिला कळत नव्हतं. म्हाताऱ्या माणसाची अखेरची परीक्षा, आणि आपण मध्येच तोंड घातलं.

उतार होता, तरी नाना चढावरच्यापेक्षा हळू चालत होते. खांदा रिकामा होता, पण तो अजून वाकलेलाच होता. ठाण्यापाशी आले, पत्र्याच्या सावलीतल्या दगडावर बसले. ती जरा लांब उभी राहिली.

"रागावलात का, नाना?"

त्यांनी हाताने जवळ बोलावलं. ती आली, बाजूच्या मातीत बसली. पायांतून कळा निघत होत्या. घर अजून लांब होतं आणि ऊन कलायला लागलं होतं.

"हितेंद्र खोदेल," नाना म्हणाले. "पोरगं आळशी नाही. फावडं धरून उभा राहा म्हटलं की उभा राहील. मी सांगेन कुठे खोदायचं. कान आहेत मला अजून."

"हो."

"तुझ्याही बांधात घुशी आहेत."

"आहेत ना. कोपऱ्यातली सहा-सात झाडं गेली माझी."

नानांनी गळ्यावरून हात फिरवला, जिथे टाक्यांची रेघ होती.

"मग परत जाऊ वर, त्या पिल्लाला आणायला. आता लगेच. पुन्हा यायला माझे पाय साथ देणार नाहीत." ते तिच्या कानाशी वाकले, कारण पत्रा वाऱ्याने वाजत होता. "पण आधी मला सांग, कुंदा. नाव तू ठेवशील तिचं? भाकरी तुझ्या हातून घालशील? आणि ती बिळात जाईल त्या प्रत्येक वेळी, हातातलं काम टाकून बांधावर येशील, माझी हाक मारायला?"