विहिरीच्या वह्या

किस्से कुणी ठरवून जमवत नाही. टेबलाच्या ड्रॉवरात टाचण्या आणि रबर साठावेत तसे ते साठतात, आणि एक शोधायला गेलं की दहा हाताला लागतात. मी नांदेडला विद्यापीठाच्या ग्रंथालयात आहे. संशोधकांनी गोळा केलेला डेटा सगळ्यांना वापरता येईल असा ऑनलाइन खुला कसा ठेवायचा, हे त्यांना शिकवते. या कामात वैताग पुष्कळ, पण तोंडात बोट घालायची वेळ त्याहून जास्त येते.

*

पहिलं प्रशिक्षण लातूरला. मी "डेटा शेअर करा" म्हणाले आणि सभागृहात कुजबुज सुरू झाली. तुरीच्या वाणांवर काम करणाऱ्या देशमुख मॅडम उठल्या. "तूर मी पेरली, मी राखली. आता खळ्यावर कुणीबी येऊन पोतं भरायचं का?"

मी समजावलं, की वापरणाऱ्याला तुमचं नाव द्यावंच लागतं. त्यांनी नाखुशीनं एका हंगामाचा डेटा दिला. वर्षभरानं परराज्यातल्या कुणीतरी तो वापरला आणि लेखात त्यांचं नाव छापून आलं. पुढच्याच आठवड्यात मॅडम एसटीनं नांदेडला हजर. टेबलावर पेनड्राइव्ह ठेवून म्हणाल्या, "घ्या, राहिलेली पोती."

*

इस्लापूरची सुनीता औषधी झाडांवर पीएच.डी. करते. माहिती देणाऱ्यांची संमती कशी घ्यायची, काय उघड करायचं आणि काय झाकायचं, यावर मी तिला अर्धा दिवस शिकवलं. ती फॉर्म घेऊन गावातल्या एका आजीकडं गेली. आजी म्हणाली, "माझं नाव टाक, गुण बी लिही. झाड कुठं हाय ते तेवढं लिहू नको. लोकं मुळासकट नेतील."

माझ्या अठरा स्लाइड्समध्ये याहून जास्त काही नव्हतं. आता मी प्रशिक्षणाची सुरुवात आजीच्या वाक्यानं करते.

*

आणि गायकवाड सर. लोह्याच्या कॉलेजात भूगोल शिकवायचे. वीसेक वर्षं दर रविवारी गावच्या विहिरीत टेप सोडून पाणी किती खोल आहे ते मोजलं, वहीत लिहिलं. त्यावरच पीएच.डी. मिळवली. निवृत्तीला सात-आठ महिने उरले तेव्हा वह्यांची पिशवी मांडीवर घेऊन आले. बसमध्येसुद्धा त्यांनी ती खाली ठेवली नव्हती. "मी गेल्यावर ह्या रद्दीत जातील. तुमच्याकडं राहू द्या," म्हणाले.

आम्ही तीन महिने आकडे टाइप करत होतो. सर प्रत्येक पान तपासत. एके ठिकाणी ४.१० चं ४.१ झालं होतं, तर त्यांनी फाइल परत केली. "शून्य कुठं गेलं? मी सेंटिमीटरपर्यंत मोजलंय." मला आधी हसू आलं, मग स्वतःचीच लाज वाटली.

*

शेवटी अपलोडचा दिवस आला. फॉर्ममध्ये एक रकाना असतो, 'डेटातील उणिवा'. सगळे तिथं 'नाही' लिहून मोकळे होतात. सर मात्र एकेका बोटानं टाइप करू लागले. मी मागून वाचलं.

एका उन्हाळ्यात त्यांची बायको नांदेडला दवाखान्यात होती. अकरा रविवार ते विहिरीवर गेलेच नाहीत, दवाखान्यात बसून अंदाजानं आकडे लिहिले. ते आकडे प्रबंधातही गेले. आता त्यांनी त्या अकराही तारखा लिहिल्या होत्या आणि खाली, 'हे आकडे खरे नाहीत, वापरू नयेत.'

 निवृत्तीला चार महिने, इतक्या वर्षांचं नाव, ती पदवी! उद्या कुणी बोट ठेवलं तर? मी हळूच म्हणाले, "सर, ते आकडे आजूबाजूच्या आकड्यांशी अगदी जुळतात. राहू द्या ना. कुणाला कळणार आहे?"

सरांनी चष्मा काढला, रुमालानं पुसला, परत घातला.

"विहिरीला ठाऊक हाय की," ते म्हणाले. "दाबा बटण."